आमचा अर्ज

समाजशास्त्रीय संशोधनासाठीं शालेय विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या एका शिष्यवृत्तीचें पत्रक गुरुजींनीं वाचून दाखविलें, तेव्हां नववीच्या आम्हां चौघींचा आनंद गगनांत मावेना. "शाळेमागील वस्तींतील मुली आठवीनंतर शाळा कां सोडतात?" असा प्रश्न आम्हीं अर्जांत मांडिला, आणि "पालकांची अनास्था" हें कारणही लागलीच लिहून टाकिलें.

गुरुजी हंसून म्हणाले, "उत्तर ठाऊक आहे, मग संशोधन कशाला?" डॉ. हॅरोल्ड मॅन यांचा पुण्याजवळील पिंपळे सौदागर गांवाविषयींचा १९१७ सालचा ग्रंथ त्यांनीं आम्हांस दाखविला. शेतांचे तुकडे व घरोघरचें कर्ज मोजून मगच त्या ग्रंथकारानें आपलें मत मांडिलें होतें.

आम्ही वस्तींत गेलों. गतवर्षीं शाळा सोडलेली आमची वर्गभगिनी नळावर भेटली. कडेवर धाकटा भाऊ होता. ती म्हणाली, "आई पहाटेंच कामाला जाते, ह्याला कोण बघणार? एका बाकावर बसत होतों, तेव्हां कधीं विचारलं नाहींत. आतां अर्जासाठीं विचारतां होय?"

आमच्या माना खालीं गेल्या. तें कारण आम्हीं खोडिलें. मुलें कोणावर सोंपवून आया कामास जातात, हें घरोघर विचारावें. संमतीवांचून कांहीं टिपूं नये. नांवें गुप्त राखावीं. निष्कर्ष प्रथम वस्तींतच वाचून दाखवावे, असें लिहिलें.

निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कांहींही लागो. शनिवारीं दुपारीं तिचा भाऊ आमच्यापाशीं खेळतो आणि ती गणिताचें पुस्तक उघडून बसते.