ज्याच्यावर राज्य आहे

लपंडावात ज्याच्यावर राज्य असतं, त्याला एक खात्री असते: लपलेला इथेच कुठेतरी आहे. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ हा २०१० सालचा चित्रपट मला या खात्रीचा चित्रपट वाटतो. आजोळी भेटणारी समीर आणि नचिकेत ही भावंडं. नचिकेतला सगळ्यांपासून दूर कुठेतरी जायचं असतं, आणि एके दिवशी विहीर त्याला घेऊन जाते. मोठी माणसं रडतात, सावरतात. समीर मात्र शोधत राहतो.

चांदीपला आमच्या घरी, लावणी उरकल्यावर, एका पावसाळी संध्याकाळी पडवीत बसून आम्ही तो पाहिला. विरारच्या पूर्वेच्या या भातशेतीच्या गावात भर पावसात विहिरीचं पाणी पार वर येतं, त्यामुळे पडद्यावरचं पाणी कुणालाच परकं नव्हतं. काकी म्हणाली, “पोराला कुणी जवळच घेतलं नाही.” तरुणपणी भाऊ गमावलेली आत्या म्हणाली, “कळलंय त्याला सगळं. पटत नाही एवढंच.” आणि माझी भाची बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “मामा, त्याच्यावर अजून राज्य आहे ना?”

तिघींनी एकच चित्रपट पाहिला होता, पण प्रत्येकीला त्यात आपापलं माणूस दिसलं.

असंच आणखी एका चित्रपटाचं झालं. ‘विहीर’च्याच सुमारास, २००९ मध्ये, स्पाइक जोन्झ यांनी मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकावर सिनेमा केला. चिडलेला मॅक्स आईला चावतो, घरातून पळतो आणि होडीतून अजस्र प्राण्यांच्या बेटावर जातो. ते त्याला राजा करतात. त्या प्राण्यांत कुणाला मॅक्सचा राग, मत्सर, एकटेपणा दिसला, तर कुणाला त्याचं मोडलेलं घर. काही पालकांना हे मुलांसाठी फार उदास वाटलं. सेंडाक यांनी स्वतः सांगितलं होतं की, हे प्राणी त्यांना लहानपणी घरी येणाऱ्या नातेवाइकांवरून सुचले. तरीही पाहणाऱ्यांचे अर्थ थांबले नाहीत.

थांबूही नयेत. लहान वयातल्या भावनेला स्वतःचं नाव ठाऊक नसतं, म्हणून ती मिळेल ते रूप घेते. मॅक्सचा राग केसाळ, दातेरी होतो आणि समीरचं दुःख खेळाचा नियम धरून चालत राहतं. मोठ्यांचं दुःख एका जागी बसतं. मुलांचं पायांत उतरतं. समीरची ती वणवण मला हट्ट किंवा भ्रम वाटत नाही. तोच त्याचा शोक आहे, आणि तो आपल्या मोठ्यांच्या शोकापेक्षा प्रामाणिक आहे.

म्हणून एक विनंती. असा चित्रपट मुलांसोबत पाहाल, तेव्हा संपताच अर्थ सांगू नका. आधी त्यांना काय दिसलं ते विचारा आणि त्यांचं उत्तर दुरुस्त करू नका.