रोमचीं भूमिगत निद्रास्थानें

रोमला जाणारा प्रवासी बहुधा कलोसियम व सेंट पीटरचें भव्य मंदिर पाहून तृप्त होतो. परंतु ख्रिस्ती धर्म मृत्यूकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें जुन्या तटाबाहेर आप्पिया मार्गानें थोडें पुढें जाऊन जमिनीखालीं उतरलें पाहिजे. तेथें संत कॅलिक्स्टसच्या नांवाचें विस्तीर्ण दफनस्थान आहे. अशा भूमिगत स्थानांस तिकडे ‘कॅटाकोम्ब’ म्हणतात.

जिना उतरतांच वरचें ऊन मागें राहतें व थंड, किंचित् दमट हवा अंगास लागते. मऊ दगडांत खणलेले अरुंद बोळ चार मजल्यांत पसरलेले असून त्यांची एकंदर लांबी सुमारें २० किलोमीटर भरते. दोन्ही भिंतींत, आगगाडींतील निजण्याच्या बांकांप्रमाणें, एकावर एक आडवे कोनाडे आहेत. प्रत्येकांत कापडांत गुंडाळलेलें प्रेत ठेवून तोंड फरशीनें किंवा कौलांनीं बंद करीत. ख्रिस्ती लोक छळाच्या काळांत येथें लपून राहत अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नव्हे. शहरांत प्रेतसंस्कार करण्यास रोमन कायद्याची मनाई होती, म्हणून हीं स्थानें तटाबाहेर झालीं. छळ मात्र खोटा नव्हता. इ. स. २५८ मध्यें सम्राट् व्हॅलेरियनच्या कारकीर्दींत पोप दुसरा सिक्स्टस यास दफनस्थानांतच ठार मारण्यांत आलें. तो व इतर पोप जेथें ठेवले होते, तें दालन १८५४ मध्यें दे रोस्सी या संशोधकानें शोधून काढलें.

त्या काळापूर्वीं रोमन लोकांत आपल्याप्रमाणें दहनाची चाल पुष्कळ होती. ख्रिस्ती मंडळींनीं मात्र दहन टाळलें. याचें कारण त्यांच्या दोन शब्दांत सांपडतें. दफनभूमीस त्यांनीं जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ ‘निजण्याची जागा’ असा आहे. आणि शिलांवर मृताच्या नांवापुढें जो लॅटिन शब्द वारंवार कोरलेला दिसतो, त्याचा अर्थ ‘ठेवलेला’, म्हणजे ठेव म्हणून सोपविलेला. निजलेला उठावयाचा असतो व ठेव परत मिळावयाची असते.

येथें आपली व त्यांची वाट वेगळी होते. आत्मा अमर व देह हें जीर्ण वस्त्र, असें आपण मानतों. म्हणून तें वस्त्र अग्नीस देण्यांत आपणांस संकोच वाटत नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेचें मूळ केवळ आत्म्याच्या अमरत्वांत नाहीं. क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशीं देहासह उठला, व तसेच सर्व मृत शेवटीं उठतील, ही ती श्रद्धा होय. पौलानें यास बीजाचा दृष्टान्त दिला आहे: पेरलें जातें एक आणि उगवतें निराळेंच, तेजस्वी, तथापि तें त्याच बीजाचें असतें. पुनर्जन्म तेथें नाहीं. जन्म एक, मरण एक, नंतर न्याय. मधल्या काळांत कांहीं आत्मे शुद्धिस्थानांत राहतात असें कॅथॉलिक मानतात. प्रॉटेस्टंट तें मानीत नाहींत. ‘सार्वकालिक जीवन’ म्हणजेहि नुसतें न संपणारें आयुष्य नव्हे, तर ईश्वराच्या सहवासांतील जीवन, असें दोघेहि सांगतात.

भिंतींवरील चित्रें हीच गोष्ट सांगतात. माशाच्या पोटांतून तिसऱ्या दिवशीं बाहेर आलेला योना, थडग्यांतून हांक मारून उठविलेला लाजर, कोंकरूं खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, आशेचें चिन्ह म्हणून नांगर. पण मन खरें गलबलतें तें लहान कोनाडे पाहून. हातभर लांबीचे ते कोनाडे तान्ह्या मुलांचे आहेत. आपल्याकडेहि दोन वर्षांआंतील बालकास अग्नि न देतां पुरण्यास शास्त्राधार आहे. म्हणून आपल्या घरांतील मातांस त्या कोनाड्यांचा अर्थ कोणी समजावून द्यावयास नको.

आज बहुतेक कोनाडे रिकामे आहेत. आठव्या व नवव्या शतकांत संतांच्या अस्थि शहरांतील मंदिरांत नेण्यांत आल्या. मग ठेवीचें काय? जो जळाला, समुद्रांत बुडाला, तो कसा उठणार? ख्रिस्ती आचार्यांचें उत्तर असें कीं, ज्यानें प्रथम निर्माण केलें त्यास अवशेषांची गरज नाहीं. म्हणूनच १९६३ मध्यें कॅथॉलिक चर्चनें दहनास परवानगी दिली. मात्र रक्षा विखुरूं नये, पवित्र स्थळीं जपून ठेवावी, असें २०१६ मध्यें पुनः बजावलें.

हा सिद्धान्त वाचकांनीं स्वीकारावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु दोन्ही धर्म शोकाकुल माणसास काय देतात याचा विचार अवश्य करावा. जो गेला त्याचें खरें स्वरूप नष्ट झालेंच नाहीं, म्हणून शोक आवर, असें आपलें तत्त्वज्ञान सांगतें. जो गेला तोच, त्याच्या नांवारूपासह, पुनः भेटेल, म्हणून वाट पहा, असें तें सांगतात. मुलाला त्या कोनाड्यांत ठेवून जिना चढून वर येणाऱ्या आईबापांनीं याच भरंवशावर उरलेलें आयुष्य काढलें असेल.