घरची गाडी बदलली

घरचा वैद्य, घरचा सोनार आणि घरचा कापडवाला बदलणे ही आमच्याकडील एकत्र कुटुंबांत मोठी गंभीर गोष्ट समजली जाते. भाव चार पैसे अधिक पडला तरी चालेल, पण ज्या पेढीवर आजोबांनी विश्वास टाकला त्याच पेढीची पायरी नातवाने चढावी, असा संकेत. या संकेतात माल वाहणाऱ्या मोटारगाडीचाही समावेश होतो, हे मला अलीकडेच कळले. १९९१ पासून आमच्या शेतीवर एकाच कारखान्याच्या गाड्या होत्या. एकामागून एक अशा तीन. चौथीही त्याच कारखान्याची घेतली, आणि दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी आम्ही तो कारखाना सोडला. त्याचे नाव मी लिहीत नाही, आणि ज्याच्याकडे गेलो त्याचेही लिहीत नाही. कोणाची नालस्ती करावी किंवा कोणाची फुकट जाहिरात करावी, असा माझा हेतू नाही.

आमचे बिऱ्हाड अमरावतीस अंबापेठेत, आणि जमीन अंजनगाव सुर्जीच्या बाजूस. थोडी कपाशी, थोडी तूर, बाकी संत्र्यांची बाग. थोरल्या बंधूंस सारे घर दादा म्हणते. त्यांची सर्व नोकरी अकोल्यास झाली, त्यामुळे ओळखीपाळखी अकोल्याच्या आणि गाड्याही अकोल्याच्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या. शेतीचे काम त्यांचा मुलगा पाहतो. गाडीही तोच चालवितो. एके काळी मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची रेल्वे अंजनगावावरून जात असे. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. ती काही वर्षांपूर्वी बंद पडली. आता बागेतून बाजारापर्यंत जे काही जायचे ते रबरी चाकांवरूनच जायचे.

या गाड्यांच्या नावांविषयी येथे दोन शब्द लिहितो. संस्कृत शिकविण्यात जन्म गेल्यामुळे मोह आवरत नाही. वऱ्हाडात अशा गाडीस तिच्या खऱ्या नावाने सहसा कोणी हाक मारीत नाही. 'टेंपो' हे मूळ एका जर्मन कारखान्याचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी त्या कारखान्याच्या सहकार्याने आपल्याकडे बजाज टेंपो ही कंपनी काढली. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. परंतु बाजार समितीच्या फाटकात कोणत्याही कारखान्याची गाडी शिरो, हमाल अजून 'टेंपो आला' असेच ओरडतात. त्याच २००५ साली निघालेली टाटांची एस नावाची चिमुकली गाडी लोकांनी 'छोटा हाथी' करून टाकली. विशेषनामाचे सामान्यनाम होणे म्हणजे काय, हे वर्गात समजावून सांगण्यास मला याहून चांगली उदाहरणे मिळाली नसती.

असो. आमच्या लहानपणी बागेतील माल बंडीने निघे. बंडीचा आस मोडला की सुताराकडे निरोप जाई, धाव सैल झाली की लोहाराकडे. त्यांस दर खेपेस पैसे द्यावे लागत नसत. सुगीस खळ्यावर त्यांचे बलुते ठरलेले असे. म्हणून मोडलेली बंडी पाहून 'उद्या या' असे म्हणण्याची सोय त्यांस नव्हती. त्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. सुतारास आपले गिऱ्हाईक निवडता येत नसे, आणि दुष्काळात खळेच रिकामे राहिले तर त्याच्या वाट्यास काय येई, हे आमच्या वाडवडिलांनी कितीसे विचारले असेल, कोण जाणे. परंतु बंडी आणि ती दुरुस्त करणारा माणूस ही एकाच गावात राहत, एवढे मात्र खरे.

जुन्या तीन गाड्यांच्या बाबतीतही थोडेफार तसेच होते. गाडी बंद पडली की परतवाड्याचा एक वृद्ध मिस्त्री येई, आणि पाना, हातोडी व शिव्या यांच्या बळावर ती चालू करून देई. चौथ्या गाडीपाशी त्याची विद्या थांबली. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांस धुराविषयीचे भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. त्यामुळे डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी अडविणारी एक जाळी आली, आणि तिच्यावर नजर ठेवणारे सेन्सर आले. नियम चांगला आहे. शहरातील मुलांच्या फुप्फुसांत जाणारी काजळी त्याने कमी होते. जाळीत साचलेली काजळी गाडी आपली आपणच जाळून टाकते. मात्र त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने पळावी लागते. आमची गाडी पळणार कोठे? बागेतून पांदणीने गावापर्यंत, गावातून परत बागेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिखल तुडवीत. जाळी भरली की समोर एक पिवळा दिवा लागे. त्याकडे दुर्लक्ष केले की इंजिनची शक्ती आपोआप निम्मी होई आणि भरलेली गाडी चढावर बैलासारखी बसे. मग अकोल्याच्या वर्कशॉपात नेऊन, तेथील संगणक जोडून, काजळी जाळून घ्यावी लागे.

हे सारे आम्हांस समजावून सांगितले त्या परतवाड्याच्या मिस्त्रीने. "गुरुजी, ह्या गाडीले पळवा लागते. तुमची त वावरातच फिरते," असे त्याने एका वाक्यात निदान केले. विक्रेत्यास आमची बाग ठाऊक होती, पांदण ठाऊक होती, तीस वर्षांचा संबंध होता. त्याने विकताना चकार शब्द काढला नाही. आणि तक्रार घेऊन गेल्यावर उत्तर काय, तर "तुमची चालविण्याची पद्धत चुकीची आहे."

२०२२ च्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुतण्याने अकोल्याच्या सात खेपा केल्या. त्यातच ऑक्टोबरात अकोट-अकोला रस्त्यावरील गांधीग्रामचा पूर्णेवरील जुना पूल तडे गेल्यामुळे वाहतुकीस बंद झाला. सरळ वाट गेली आणि प्रत्येक खेपेस लांबचा वळसा आला. पाचव्या खेपेनंतर दिवा काजळी जाळूनही विझेना. सेन्सरच बिघडला असावा, असे तेथील एक तरुण कारागीर हळूच बोलला. परंतु वरिष्ठांनी तसे कागदावर लिहून दिले नाही. फोन केला की कधी "साहेब मीटिंगमध्ये आहेत", कधी "पार्ट मागविला आहे". कंपनीच्या मोफत क्रमांकावर फोन केला की तक्रारीस एक नवा आकडा मिळे, आणि दोन दिवसांनी आमचे समाधान झाल्याबद्दल आनंद व्यक्त करणारा संदेश येई.

नोव्हेंबरात अंबिया बहराची तोड सुरू होती. संत्रे झाडावर आठवडाभर वाट पाहते, पण एकदा तोडून क्रेटमध्ये भरले की ते कोणासाठी थांबत नाही. नेमकी त्या वेळी गाडी वर्कशॉपात अडकली. भाड्याची गाडी मिळेपर्यंत दोन दिवस माल बागेत पडून राहिला. व्यापारी आला, खालचे क्रेट दाबून पाहिले आणि ठरलेला भाव उतरविला. वर्षभराच्या पाण्याची, खताची, फवारणीची किंमत त्याने एका बोटाने कमी केली. त्या रात्री दादा जेवणावर बसले आणि भात कालवून तसेच उठले. वहिनींनी विचारले तेव्हा म्हणाले, "भूक नाही." घरात पुढे कोणी बोलले नाही.

पुतण्या गाडी विकावी म्हणत होता. दादा मात्र एवढेच म्हणत, "तीस वर्षांचा संबंध आहे, ऐकतील." पितापुत्रांत अबोला धरण्यापर्यंत गोष्ट आली. अशा वेळी सूनबाईने काम केले. तिने एका वहीत पहिल्या दिवसापासूनच्या सर्व तारखा, प्रत्येक जॉबकार्डाचा क्रमांक आणि फोनवर कोण काय बोलले ते लिहून ठेवले होते. आमच्या घरात किराणा, दूध आणि धोबी यांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या बायकांनीच ठेवल्या. त्याच शिस्तीची ही वही. तिच्यावरून तिने कंपनीस रजिस्टर पत्र धाडले. उत्तर आले की गाडी व्यापारी कामाची असल्यामुळे आपण कायद्याने ग्राहक ठरत नाही.

पुष्कळ शेतकरी येथेच गप्प बसतात. म्हणून हा मुद्दा वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा, आणि त्याच्या जागी आलेला नवा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे हे खरे. परंतु स्वतः राबून, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिले आहे, की जो मनुष्य ट्रक घेऊन भाड्याने स्वतः चालवितो तो ग्राहकच होय. पुतण्या गाडी स्वतः चालवितो. पाच लाखांवरील व दहा लाखांपर्यंतच्या वस्तूविषयी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास फी फक्त २०० रुपये, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. सूनबाईने दुसऱ्या पत्रात हे सर्व कलमांसह लिहिले. दहाव्या दिवशी अकोल्याहून फोन आला. जाळी आणि सेन्सर दोन्ही विनामूल्य बदलून मिळाले.

मला वाटले, प्रकरण मिटले. पण दादांचे मन त्याच दिवशी उडाले. ते मला म्हणाले, "बाळ, मी चार वेळा स्वतः गेलो, खुर्चीवर बसून राहिलो, तेव्हा कोणी पाणी विचारले नाही. कलम लिहिले तेव्हा धावत आले. मग तीस वर्षे आपण कोणाकडे जात होतो?" मजजवळ उत्तर नव्हते.

नवी गाडी निवडताना पुतण्याने जाहिराती पाहिल्या नाहीत. दोन दिवस पहाटे तो अमरावतीच्या बाजारात उभा राहिला आणि निरनिराळ्या गाड्यांच्या चालकांस एकच प्रश्न विचारला : "बंद पडली तर कोण येतं?" मायलेज किती, हे त्याने विचारलेही नाही. मग दादा अमरावतीच्या एका वर्कशॉपात जाऊन दुपारभर बाकावर बसले. गाडी घ्यायची आहे हे त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्यांच्या तक्रारींस तेथील माणसे काय उत्तर देतात, तेवढे ऐकत राहिले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "घ्या."

२०२३ च्या दसऱ्यास गाडी आली. काजळीची जाळी तिलाही आहे. फरक इतकाच, की देणाऱ्याने किल्ली हाती देण्यापूर्वी विचारले, "गाडी कोठे फिरणार?" आणि पांदणीचे नाव ऐकताच आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर पाऊण तास पळवून आणा, असे सांगितले. त्याप्रमाणे दर रविवारी पुतण्या अकोटास जाऊन येतो. वहिनी त्यास भाजीची यादी देतात. दुसऱ्याच महिन्यात क्लचची तार तुटली. सकाळी फोन केला, दुपारी मनुष्य मोटारसायकलवर तार घेऊन बागेत हजर. पुतण्याने त्यास जेवू घातले, आणि मी त्यास त्याचे गाव विचारले.

जुनी गाडी आम्ही मूर्तिजापूरच्या एका भाजी-व्यापाऱ्यास विकली. दिव्याची आणि दुरुस्त्यांची सर्व हकीकत अगोदर सांगून, आणि म्हणून थोडी कमी किमतीस. तो रोज रात्री महामार्गाने नागपुरास जातो आणि सकाळी परततो. परवा बडनेऱ्यास त्याची भेट झाली, तेव्हा पिवळा दिवा लागतो का, असे मी विचारले. त्यास प्रश्नच कळेना. "कोणता दिवा?" तो म्हणाला.