नांगरामागची ओवी

नांगरणाऱ्यानं नांगरामागं शास्त्रवचन गुणगुणावं, विणकरानं मागावर ते म्हणावं, अशी इच्छा इरॅस्मसनं 1516 साली ग्रीक नवा करार छापताना प्रस्तावनेत लिहून ठेवली. चर्च सोडायचं नाही, पण आतून घासूनपुसून लख्ख करायचं, हा त्याचा ध्यास. पुढं ल्यूथरचं वादळ उठलं आणि रोम बिथरलं. 1559च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत इरॅस्मसची झाडून सगळी पुस्तकं गेली. ट्रेंटच्या धर्मसभेनं (1545–63) बिशपांना शिस्त लावली, पाद्र्यांच्या शिक्षणाला सेमिनरी काढायला लावल्या. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. लोकांच्या बोलीत तिचा अर्थ सांगावा, इतकीच मुभा.

आमच्या घोटावड्यात श्रावणात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलं की इरॅस्मसचा तो नांगऱ्या हटकून आठवतो. आंबेमोहोराची लावणी उरकून, घोट्यापर्यंतचा चिखल धुऊन आलेली एखादी आजी खांबाला टेकून बसते. अक्षरओळख नाही, पण व्यासपीठचालकांच्या तोंडून ओवीचा तिसरा चरण निघतो न निघतो तोच चौथा तिच्या ओठांवर आलेला असतो. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शुद्ध केली ती 1584 साली. तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात येऊन पाच वर्षं झाली होती.

हा विल्टशरचा इंग्रज, जेझुइट. गोव्यातल्या साष्टीत मुलांना धर्मशिक्षण चाललेलं असताना एका बाटलेल्या ब्राह्मणानं त्याच्याकडं गाऱ्हाणं मांडलं: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं काही द्याल की नाही? स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराण’ या ग्रंथातच हा प्रसंग आहे, आणि मला तो साऱ्या ग्रंथाहून मोठा वाटतो. कारण तहान खरी होती, आणि घागर फोडणारे हात पाद्र्यांच्याच बाजूचे होते. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आलं, 1567 साली साष्टीतली देवळं पाडली गेली. ख्रिस्तपुराणाचं कौतुक करताना हे गिळून टाकणं मला जमत नाही.

तरी ग्रंथ झाला तो अस्सल. सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत, 1616 साली रायतूरला छापलेल्या. इरॅस्मसच्या प्रस्तावनेला बरोब्बर शंभर वर्षं झाली होती. बायबलचा हा शब्दशः तर्जुमा नव्हे, ती सवलत त्या चर्चमध्ये सहजी मिळणारीही नव्हती. पण बेथलेहेमची कथा साष्टीच्या माणसाला ओवीच्या चालीत मिळाली. सुधारणेचे ठराव ट्रेंटमध्ये झाले असतील. मला ती पटते ती इथं.

1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला: तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. पुराण हस्तलिखितांतून टिकलं. 1956 साली पुण्यात ते देवनागरीत छापलं गेलं. वाचनालयात हाती लागलं तर मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा.