गाडीची हजेरी

खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून पूजलेले ट्रक दिवाळीपर्यंत त्या वाळक्या माळा मोठ्या अभिमानाने मिरवीत असतात. आमच्या नांदगावच्या तिठ्यावर घटकाभर उभे राहिले तर अशा कितीतरी गाड्या मोजता येतील. देवगडचा रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. फोंडाघाट चढून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्याही याच बाजूच्या. वाचकहो, आपल्या करंजीचा रवा नि साखर बहुधा घाट उतरूनच आलेली असते, आणि वैशाखात आमचा हापूस याच गाड्यांतून वाशीच्या बाजाराला जातो. पूजा वर्षातून एकदा होते, ती व्हावीच. पण गाडीला खरी गरज असते ती रोजच्या हजेरीची.

हजेरी हा शब्द खरे म्हणजे आम्हा शाळामास्तरांचा. माझ्याकडून तो आमच्या मामाने केव्हाच पळवला आहे. मामाने उभा जन्म ट्रक चालवला. आता सत्तरी उलटली आणि गाडी मुलाच्या हाती गेली. तरी पहाटे गाडी निघायची असली की मामा टामी घेऊन अंगणात हजर! एकेका चाकावर ठोका मारीत तो गाडीला प्रदक्षिणा घालतो. भरलेले चाक टणक बोलते, हवा गेलेले भद्द वाजते. मागच्या जोडचाकांतले आतले चाक बसले तर ते डोळ्यांना चटकन दिसत नाही. बाहेरचे बिचारे दोघांचा भार वाहून तापते नि वाटेत फुटते. मी हसलो, तेव्हा मामा म्हणाला, "हसतास कित्याक, मास्तरानू? तुमची पोरां नाव घेतल्यार 'हजर' म्हणतत ना? तशी माझी चाकां म्हणतत." अर्थात ठोका म्हणजे अंदाज. लांबच्या फेरीला निघताना हवेचा काटा लावून पाहावा, हे त्याचेच म्हणणे.

या हजेरीला दहा मिनिटे पुरतात. रात्रभर गाडी उभी होती तिथली जमीन पाहावी. थेंब काळा असेल तर ऑइल, हिरवट किंवा गुलाबी असेल तर बहुधा रेडिएटरचे पाणी. ऑइलची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद असताना पुसून पाहावी. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि तोंडावर उसळते. चाकाच्या नटाच्या बुडाशी गंजाची ताजी रेघ दिसली तर तो नट ढिला पडला असे समजावे. कमानपाट्याला चीर गेली आहे का, तेही वाकून पाहावे.

आता सर्वांत साधे, म्हणून सर्वांत विसरले जाणारे काम. ट्रकचा ब्रेक हवेच्या जोरावर चालतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ साली हवेचा ब्रेक काढला तो आगगाडीसाठी. पुढे ती युक्ती ट्रकला आली. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठते. आमच्या कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका! ते पाणी टाकीला नि झडपांना गंजवते. म्हणून टाकीखालची झडप उघडून ते सोडून द्यावे.

वाटेत चाक बदलण्याची पाळी आली तर गाडी सपाट जागी घ्यावी, दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, नट अंमळ सैल करावेत आणि मगच जॅक चढवावा. नट आवळताना ओळीने आवळू नयेत, समोरासमोरचे घ्यावेत. पन्नासएक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाना लावून पाहावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणी जाऊ नये, हात घालायलासुद्धा नाही. आधी भक्कम ठोकळे, मग माणूस.

जुन्या गाडीचे डिझेल संपले की पाइपात हवा शिरते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. पाइपातली हवा दबते, पण फवारा होत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. हे काम क्लीनरही करीत असे. मात्र १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाजवळच्या पाइपांना हात लावू नये. तिथला बारीक फवारा कातडीत घुसण्याइतका जोराचा असतो.

एवढे सारे हाताने करणारा मामा एका गोष्टीला मात्र हात लावत नाही. एका वैशाखात संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरून गाडी तयार होती. मामेभावाने ब्रेक दाबला आणि मागच्या डाव्या चाकाशी सुंऽऽ असा आवाज आला. ब्रेकच्या डब्यातला रबरी पडदा फाटला होता. आंबा थांबत नाही आणि व्यापारीही थांबत नाही. "बाबा, त्या चाकाचो पाइप मोडून बांधतंय, बाकीच्या चाकांवर जावया," भाऊ म्हणाला. रस्त्यावर असे करणारे पुष्कळ असतात. दुसरा म्हणाला, डबाच उघडून पडदा घालू. त्या डब्याच्या मागच्या अर्ध्यात दाबून ठेवलेली भली थोरली स्प्रिंग असते. हवा गेली तर ब्रेक लावून गाडी थांबवणारी राखणदारच ती. पण डबा भलत्या ठिकाणी उघडला तर ती सुटते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते.

मामाने किल्ली काढून कनवटीला लावली. "वाटेत परशुराम घाट आसा. गाडयेत आंबे नाय, माझो झील बसता." बस्स, एवढेच. पेट्या दुसऱ्या गाडीत चढल्या, भाडे गेले, मामी रात्रभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने येऊन अख्खा डबा बदलला. घरी करायचे काम नि मिस्त्रीचे काम यांच्यामधली रेघ मला त्या दिवशी नीट कळली: चूक झाली तर गाडी फक्त उभी राहील, ते काम आपले, चूक झाली तर ती थांबणारच नाही, ते मिस्त्रीचे. म्हणून ब्रेक नि स्टिअरिंग यांवर काटकसर नको. उतारावर गिअर काढून डिझेल वाचवणे हीही तशीच काटकसर. ज्या गिअरने चढलो असतो, त्याच गिअरने उतरावे. नाहीतर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

आणि गाडी दुरुस्त झाली असे म्हणावे तरी केव्हा? इंजिन सुरू झाले की नव्हे. चाकाला लावलेले दगड रस्त्यातच टाकून निघून जाणारे थोडे नाहीत. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या कुणाला ते दिसत नाहीत. सणाला घरी निघालेला तोही कुणाचा तरी झील असतो. मामा गाडीत चढण्याआधी दगड उचलतो, गटाराच्या पलीकडे ठेवतो, हात झटकतो आणि मगच म्हणतो, "झाली गाडी."