अकरावीची तयारी आठवीत

भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या मुलांबरोबर मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. अध्ययन अक्षम मुलाला कॉलेजसाठी तयार करायचं म्हणजे त्याचा जास्तीचा अभ्यास घ्यायचा, असं पालकांना वाटतं. खरं तर निम्मं काम कागदपत्रांचं असतं आणि दहावीच्या निकालानंतर ते हाती घेतलं, तर फार उशीर झालेला असतो.

पहिली अडचण निदानाची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेलाही जागा दिली. पण ती ओळखायची तर मूल ज्या भाषेत शिकतं, त्या भाषेतली प्रमाणित चाचणी हवी. भारतीय भाषांसाठीची ‘डाली’ चाचणी आली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. अक्षराचं रूपही शब्दातल्या जागेप्रमाणे बदलतं. तिथे अडखळणारं मूल देवनागरी उताऱ्यावरून कसं कळणार? घरी आई म्हणते, “ध्यान नहीं देता, बस.” यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाची तर हॉस्पिटलच्या प्रत्येक चकरेला एका पाळीची मजुरी बुडते.

दाखला मिळाला तरी तो कायमचा नसतो. २०१८च्या नियमावलीप्रमाणे आठव्या वर्षापासून दाखला मिळतो, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. अठराव्या वर्षीचाच काय तो आयुष्यभर चालतो. म्हणजे ऐन बारावीच्या सुमाराला पुन्हा हॉस्पिटल!

त्यातच अकरावी सायन्सला माध्यम इंग्रजी होतं. परीक्षेत उत्तरं लिहून देणारा लेखनिक स्वतः आणायचा तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा लागतो. नियम योग्यच आहे, पण ओळखीतली सगळी मुलं उर्दू शाळेतली. इंग्रजीतून फिजिक्सचा पेपर त्यांच्यातलं कोण लिहून देणार? म्हणून लेखनिक शोधायला मी वर्ष सुरू होतानाच लागते.

“चाळीस टक्के नाहीत, मग सवलत नाही,” असं ऑफिसातून सर्रास ऐकवलं जातं. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, हे खरं. पण लेखनिकासाठी ती लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं. त्या निकालाची प्रत मी मुलांच्या फायलीत लावून देते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बोलण्याच्या सरावात जातो. शाळेत त्यांच्या वतीने मी बोलते, कॉलेजात मी नसणार. “मैं कमज़ोर हूँ” हे त्यांच्या तोंडात बसलेलं असतं. त्याऐवजी, “मला विषय समजतो, वाचायला वेळ लागतो, तासाला वीस मिनिटं जादा हवीत,” हे प्राचार्यांसमोर न चाचरता, मराठीतून सांगता यायला हवं. काहींना हे जमायला अख्खी नववी लागते. लागू दे.

उर्दू शाळांतल्या शिक्षकांना एकच विनंती: वर्गात तोंडी उत्तरं चोख देणारं आणि वहीत गोंधळणारं मूल दिसलं, तर ‘आळशी’ हा शेरा मारण्याआधी त्याला आठवीतच तपासणीला पाठवा.