पसंतीचा क्रम

अमेरिकेत न्यूरॉलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी क्रमयादी लावताना पुष्कळ उमेदवार समोरच्याच्या मनाचा अंदाज बांधत बसतात. ‘तिथे आपल्याला कोण घेणार’ म्हणून आवडती संस्था खाली जाते, खात्रीची वर येते. मला ही हुशारी वाया गेलेली वाटते. १९९८ पासून ‘मॅच’मध्ये, म्हणजे उमेदवार आणि संस्था यांच्या याद्या जुळवून जागा देणाऱ्या व्यवस्थेत, वापरात असलेली ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांची पद्धत उमेदवाराच्या पहिल्या पसंतीपासून सुरू होते आणि तिथे नकार मिळाला तरच पुढे सरकते. म्हणून वरच्या संस्थेसाठी प्रयत्न केल्याने खालची जागा हातची जात नाही. तिथे आधी बसलेल्यापेक्षा तुम्ही संस्थेला अधिक हवे असाल, तर त्यालाच उठावं लागतं. (रॉथ यांना २०१२चं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी.)

पण चार तासांच्या मुलाखतीवर उभी राहिलेली पसंतीच कच्ची असेल तर? आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय संस्थेच्या नावलौकिकात नाही, तिथल्या प्रशिक्षणाचे तपशील विचारण्यात आहे. प्रशिक्षणाच्या चार वर्षांतलं पहिलं मुख्यतः इंटर्नल मेडिसिनचं; काही ठिकाणी ते स्वतंत्रपणे मिळवावं लागतं. रात्री स्ट्रोकचा रुग्ण आला की निर्णय कोण घेतं? बाह्यरुग्ण विभागात डोकेदुखी, अपस्मार, पार्किन्सन किती पाहायला मिळतात? पुढचं बहुतेक आयुष्य तिथेच जाणार असतं. पुण्या-मुंबईहून गेलेल्याने व्हिसाही तपासावा: जे-१वर सहसा प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. आणि जिथे जायचंच नाही, ते नाव यादीत नकोच. मॅचचा निकाल बंधनकारक असतो.